खारीतला माळ

आबांना नवी मुंबईत एकच गोष्ट खटकायची. इथं माळ नव्हता.

पाणी होतं, नळाला दिवसातून दोनदा यायचं. वीज होती. आम्हा दोघी बहिणींना चालत जाता येईल अशी शाळा होती. म्हसवडच्या अलीकडच्या आमच्या वाडीत यातलं काहीच नव्हतं, म्हणून तर १९७२ च्या दुष्काळात ते एक पिशवी घेऊन मुंबईला आले. आधी मशीद बंदरला पाठीवर गोणी वाहिल्या. बाजार तुर्भ्याला हलला तसे बाजाराच्या मागोमाग खाडी ओलांडून इकडे आले, आणि कोपरखैरण्यात माथाडींसाठी बांधलेल्या घरांपैकी एक आमचं झालं. १९६९ चा माथाडी कायदा आणि अण्णासाहेब पाटील यांच्याबद्दल आबा देवाबद्दल बोलावं तसं बोलायचे. या गावानं आपल्याला जगवलं हे ते कधी विसरले नाहीत. पण रविवार उजाडला की त्यांचा जीव घरात राहायचा नाही. "चल गं, जरा नजर मोकळी करून येऊ," म्हणायचे, आणि आम्ही खाडीकडं चालू लागायचो.

खाडीसाठी ते जात नसत. पाणी, होड्या, भरती-ओहोटी यांत त्यांचं मन कधी रमलं नाही. रस्ता संपतो आणि तिवरं सुरू होतात, त्यांच्या मधे तेव्हा एक रुंद पट्टा होता, त्यावर जाऊन ते बसायचे. सपाट, फिकट जमीन. तुटक गवत, मधेमधे गोलसर झुडपं, उन्हात पांढरी पडलेली भेगाळ माती. वारा कशालाही न अडता अंगावर यायचा. आबा उकिडवे बसून तंबाखू मळायचे आणि बराच वेळ काही बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "हितं जरा आपल्याकडल्यावानी वाटतंय बघ."

मी तेव्हा नववीत असेन. मला ते ऐकून वाईट वाटलं. इतक्या लांब येऊन, इतके कष्ट उपसून यांच्या डोळ्यांना अजून हे असलं ओसाडच बरं वाटावं! मी काही बोलले नाही, पण मनातल्या मनात ठरवून टाकलं, की आबांना गावाची आठवण येते म्हणून त्यांना उगीच तसं वाटतं. आबांची नजर किती पक्की होती ते कळायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि तोवर ते राहिले नव्हते.

ते गेले त्या वर्षीच्या डिसेंबरात मला सकाळी घरात बसवत नसे. पाय आपोआप तिकडे वळायचे. असंच एकदा साडेआठच्या सुमाराला गेले, तर एका झुडपाभोवती काहीतरी गुलाबी उडत होतं. आधी वाटलं, कुणाच्या तरी कुंपणावरच्या बोगनवेलीची फुलं वाऱ्यानं आली आहेत. पण वारा पडलेला होता. जवळ गेले तर फुलपाखरं. पाच-सहा नव्हेत, चाळीस-पन्नास तरी असतील.

माझ्या कमरेच्या वर एकही जात नव्हतं. जमिनीलगत, भरभर, झटके देत उडायचं, दोन हातांवर जाऊन बसायचं, बसलं न बसलं तोच पुन्हा उठायचं. हे उडणं माझ्या ओळखीचं होतं. गावी पाऊस सरला की माळावर अशीच फुलपाखरं असायची, पांढरी, पंखांची टोकं शेंदरात बुडवून काढल्यासारखी. चुलत्यांच्या शेरडांमागं हिंडताना आम्ही ती धरायला धावायचो. ती उंच उडून जायची नाहीत, पण हाताला कधी लागायचीही नाहीत. कायम वीतभर पुढं. इथल्यांचा रंग वेगळा होता, चाल मात्र तीच. एसटी स्टँडवरच्या गर्दीत पाठमोरा माणूस नुसत्या चालीवरून ओळखू यावा तसं झालं.

घरी येऊन शोधलं. त्याचं नाव स्मॉल सॅल्मन अरब, शास्त्रीय नाव कोलोटिस अमाटा. आणि माझ्या लहानपणचं शेंदरी टोकांचं ते स्मॉल ऑरेंज टिप, म्हणजे कोलोटिस एट्रिडा. दोघं एकाच वंशातली निघाली. त्या दिवशी मी किती वेळ नुसती त्या दोन नावांकडं बघत बसले होते.

त्यानंतर मी ते किती वेळा पाहिलं असेल त्याची गणती नाही, तरी जवळून पाहायला मिळालं की अजून तितकाच आनंद होतो. लहानसं असतं. पंख पसरून बसलं तरी काडेपेटीवर मावेल. सॅल्मन हा त्या विलायती माशाच्या मांसाचा रंग. मला तो पिकून थोड्या मऊ पडलेल्या गुलाबी पेरूच्या गराचा वाटतो. त्या गुलाबीला काळा काठ आणि काठात फिकट ठिपक्यांची ओळ. माद्यांमध्ये दोन तऱ्हा, काही अशाच गुलाबी, काही चक्क पांढऱ्या. सकाळी कोवळं ऊन आलं की सगळी अर्धे पंख उघडून झुडपावर शेकत बसतात, आणि ढग आला की एकाच वेळी पंख मिटतात. पंखांची खालची बाजू पोपटी-पिवळट, मळकी. क्षणात सगळं गुलाबी नाहीसं होतं आणि समोर नुसतं झुडूप उरतं. मी हे शेजारच्या वहिनींना दाखवायला घेऊन गेले होते. नेमका ढग आला. त्या दहा मिनिटं झुडपाकडं बघत उभ्या होत्या, माझ्यावर विश्वास ठेवून. मग ऊन पडलं आणि त्यांच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं.

अमाटा हे नाव लिनियसचा शिष्य, डॅनिश शास्त्रज्ञ फाब्रिसियस यानं १७७५ साली ठेवलं. लॅटिनमध्ये अमाटा म्हणजे लाडकी. कोलोटिस वंशात चाळीसहून अधिक जाती आहेत, त्यातल्या बहुतेक आफ्रिकेत. आपल्या या लाडकीचं घरही आफ्रिकेतल्या कोरड्या सवानापासून सुरू होतं, अरबस्तानातून पुढं भारतात येतं आणि खाली श्रीलंकेपर्यंत जातं. ज्या मुलखात पाऊस थोडा, ऊन फार आणि झाडं विरळ, तो सगळा मुलूख तिचा.

सवाना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं टीव्हीवरचे सिंह आणि जिराफ येतात. शब्द परका वाटतो, पण वस्तू आपल्या घरची आहे. जमिनीवर सलग गवत, आणि झाडं इतकी लांबलांब की ऊन थेट गवतापर्यंत पोचतं, तो सवाना. याला आम्ही माळ म्हणतो. हिवर, बाभूळ, खैर, बोर, तरवड, खाली कुसळ, पवना, मारवेल. सह्याद्रीनं पावसाचे ढग अलीकडेच रिकामे करून घेतले की पलीकडे जे उरतं त्यावर हा माळ उभा असतो. आमच्या माण तालुक्यात वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक पीकपाणी बरं म्हणतात. नवी मुंबईत पडतो अडीच हजारांच्या आसपास.

मग माळावरचं हे फुलपाखरू एवढ्या ओल्या गावात करतं काय?

याचं अर्धं उत्तर मला घणसोली गावातल्या एका काकूंनी दिलं. आगरी समाजातल्या, सत्तरीच्या पुढच्या, रोज सकाळी त्याच वाटेनं चालत येणाऱ्या. मी झुडपापाशी वाकून काय शोधतेय ते दोन-तीन दिवस बघून एकदा थांबल्या. म्हणाल्या, "काय हरवला गो बाय?" मी म्हटलं, "काही नाही काकू, हे झाड कसलं ते बघते." त्यांनी एक डहाळी मोडून वास घेतला, माझ्याही नाकाशी धरली. "यो खाकन हाय. आमचे खारीन जिकरं तिकरं होता." मग बोलत बसल्या. इथं त्यांच्या सासऱ्यांची मिठाची आगरं होती, बांध घालून खारीत भात पिकवायचे, आणि बांधावर खाकण असली की ते काढत नसत, मुळं बांध धरून ठेवायची. खाकणीला बारीक गुलाबी फळं येतात, ती पोरं खायची. "जरा तिखट लागतान," असं म्हणून हसल्या. आगर पिकवणारे म्हणून आगरी, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आगर ज्यांनी पिकवलं त्या घरातलं माणूस त्या दिवशी माझ्याशेजारी उभं होतं.

खाकण म्हणजे पिलू. साल्वाडोरा पर्सिका. या लहानशा फुलपाखराचं सगळं आयुष्य या एका झुडपाला बांधलेलं आहे. अळ्या पिलूच्या कुळातली पानं सोडून सहसा दुसरं काही खात नाहीत. जिथं पिलू तिथं ते.

आणि पिलू जन्माचं कोरडवाहू. राजस्थान, कच्छ, सौराष्ट्र, पंजाब, पलीकडे सिंध आणि अरबस्तान हे त्याचं राज्य. महाभारतात कर्णपर्वात एक वाहीक, म्हणजे पंजाबाकडचा, माणूस येतो. आपल्या देशापासून दूर कुरुजांगलात राहणारा, घरच्या ओढीनं कासावीस झालेला. कधी एकदा शतद्रू आणि इरावती, म्हणजे सतलज आणि रावी, ओलांडेन आणि शमी, पिलू, करीर यांच्या रानातून सुखाच्या वाटेनं जाईन, असं तो म्हणतो. कर्ण ते शल्याला हिणवण्यासाठी सांगतो आहे, पण मला त्या वाहीकाबद्दल माया वाटते. शमी, पिलू आणि करीर या तिन्ही उन्हातल्या, काट्याकुट्यातल्या, विरळ सावलीच्या वनस्पती. घरची आठवण म्हणून त्या माणसाला हे आठवलं. घनदाट अरण्य नव्हे, माळ.

आता उरलेलं अर्धं उत्तर. ते मीठ.

भरती दिवसातून दोनदा येते, पण रोजचं पाणी तिवरांपर्यंतच पोचतं. त्यांच्या मागचा पट्टा भिजतो तो फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला. पाणी चढतं, थोडा वेळ थांबतं, ओसरतं, आणि उरलेलं उन्हानं उडून जातं. मीठ मात्र जागेवरच राहतं. महिन्यामागून महिने हे चालतं. एप्रिल-मेमध्ये तिथं बोट फिरवलं तर मिठाचे कण बोटाला लागतात. अशा मातीत ओल असली तरी झाडाला ती ओढून घेता येत नाही, मीठ पाण्याला धरून ठेवतं. मुळांच्या भोवती पाणी आणि झाड तहानलेलं. झाडाच्या लेखी ती जागा वाळवंटच. म्हणून वर अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडूनही तो पट्टा माळ राहिला. कोकणातली हिरवी झाडं तिथं तगत नाहीत, आणि ज्याला कोरडेपणाची सवय जन्मापासून आहे तो पिलू तिथं ऐसपैस वाढतो. त्याच्या मागं त्याचं फुलपाखरू आलं. हिवाळ्यात भोरड्याही येतात त्याची फळं खायला, त्याच भोरड्या ज्यांना आमचे चुलते जोंधळ्यावरून गोफणीनं उठवायचे.

हे सगळं जुळलं तेव्हा मी घरी स्वयंपाकघरात उभी होते. आबांचा गोणी ओढायचा आकडा अजून दाराआडच्या खिळ्याला आहे. त्याच्याकडं बघून मला मोठ्यानं सांगावंसं वाटलं, की आबा, तुम्ही म्हणत होता ते खरं होतं. तो आपल्याकडलाच माळ होता.

पिलूला बाहेरच्या जगात अधिक ओळखतात ते मिस्वाक म्हणून. मुंब्र्याला मशिदीबाहेर पेन्सिलीएवढ्या काड्यांच्या जुड्या विकायला असतात, त्या याच झाडाच्या. मी एक जुडी आणून चावून पाहिली. आधी मातकट, मग हळूहळू नाकात चढणारी झणझण. कच्ची मोहरी दाताखाली आल्यासारखी. पान चावलं तरी तेच. आणि ही झणझण खरोखर मोहरीचीच आहे. पिलू आणि मोहरी वनस्पतींच्या एकाच गणातली, दोघांतही एकाच जातकुळीची रसायनं. पान अखंड असतं तोवर शांत. किड्यानं चावलं, पेशी फुटल्या, की दोन पदार्थ एकमेकांत मिसळतात आणि तिखट तेल तयार होतं. झाडाचं हे शस्त्र. बहुतेक किडे त्याच्या वाटेला जात नाहीत.

पण पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या या कुळानं त्यावर फार पूर्वी तोड काढली. कोबीवर वाढणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांच्या अळ्यांमध्ये शास्त्रज्ञांना एक प्रथिन सापडलं आहे. ते त्या रसायनाला आतल्या आत दुसरीकडं वळवतं, आणि तिखट तेल तयारच होत नाही. कोबीच्या गड्ड्यात जी हिरवी अळी निघाली की आपण किंचाळतो तिच्यात एवढी हिकमत आहे. मोहरी, कोबी, मुळा, वायवर्णा, पिलू या सगळ्या तिखट झाडांवर हे कूळ पोसलं गेलं. इतरांना जे सोसत नाही ते यांना घरचं जेवण.

अंडी घालताना मी पहिल्यांदा पाहिलं ते फेब्रुवारीत. एक पांढरी मादी झुडपाभोवती घिरट्या घालत होती, पण फुलांवर जात नव्हती. पानावर टेकायची, पुढच्या पायांनी चाचपायची, उठायची. दुसरं पान, तिसरं पान. जून पानं सोडत सोडत ती टोकाच्या कोवळ्या पानावर येऊन स्थिरावली. पंख मिटले. पोट वळवून पानाला टेकवलं आणि उचललं. तिथं एक पिवळट उभा ठिपका. थोडं सरकली, पुन्हा टेकवलं. दुसरा. मी श्वास रोखून मोजत होते. रस्त्यावरून शाळेची बस गेली, कुणीतरी हॉर्न वाजवत राहिलं, तिचं लक्ष नव्हतं. तेवीस अंडी. तांदळाच्या कणीहून बारीक, उभट, टोकाकडं निमुळती, एकमेकांना न चिकटवता पण जवळजवळ लावलेली, मुलीनं पाटावर रांगोळीचे ठिपके मांडावेत तशी. पुष्कळ फुलपाखरं एका पानावर एकच अंडं घालून पुढं जातात. ही असं कुटुंबच्या कुटुंब एका जागी ठेवते.

तेवीसमधली किती मोठी होणार हे मला पुढं कळत गेलं. मुंग्या आहेत, कोळी आहेत, अळीच्या अंगात आपली अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आहेत. पुढच्या खेपेला एका पानावरची अळ्यांची पंगत मी डहाळीसकट घरी आणली आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली. तोंडाला मलमलचा तुकडा. अळ्या पानाच्याच रंगाच्या, सुतासारख्या. सगळ्या शेजारीशेजारी, पानाच्या कडेला तोंडं लावून, एका दिशेनं खात जायच्या. रात्री घर शांत झालं की मी ओट्यापाशी स्टूल टाकून बसायचे. दिवसागणिक त्या वाढल्या तशी माझी धावपळ वाढली. पिलूची ताजी डहाळी रोज हवी, त्यासाठी सकाळी सहाला खाडी गाठायची, आणि मग आठची गाडी. धाकटा म्हणायचा, "आई, माझ्या डब्याला उशीर आणि यांच्या नाष्ट्याला नाही." त्याचं बरोबर होतं. पण कोषाच्या दिवशी तोही शाळेतून आल्या आल्या चपला न काढता बरणीपाशी गेला.

कोष करण्याआधी अळी देठावर डोकं वर करून स्वस्थ बसते. मग शेपटीकडं रेशमाची गादी करते, आणि कमरेभोवती एक धागा टाकून तो दोन्ही बाजूंना देठाला चिकटवते. माडावर चढणारा कमरेला दोर घेऊन मागं रेलतो, अगदी तशी ती रेलते. मग कातडी मागं सरकते आणि आतून हिरवा कोष उरतो, पानाची घडी वाटावी असा. आठवड्याभरानं एका पहाटे त्या कोषातून आतला गुलाबी रंग दिसायला लागला. अकरापैकी सहा बाहेर आली. पंख आधी भिजलेल्या चिंधीसारखे, मग तासाभरात ताठ. आम्ही दोघं बरणी घेऊन खाडीवर गेलो आणि झाकण काढलं. ती उंच उडाली नाहीत. बरणीच्या काठावरून निघाली ती सरळ खाली, जमिनीलगत, शेजारच्या झुडपावर.

हे सगळं जिथं घडतं त्या जागेला कागदोपत्री काय म्हणतात? पडीक. मोकळी. विकासासाठी उपलब्ध.

पडीक हा शब्द मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या वाडीचा माळही सातबाऱ्यावर पोटखराबा आणि पडीकच होता. इंग्रजांच्या काळात ज्या जमिनीचा सारा येत नाही ती वेस्टलँड ठरली आणि तो शिक्का अजून पुसलेला नाही. देशाचा वेस्टलँड अ‍ॅटलास निघतो, त्यात झुडपी जमिनी सरसकट जाऊन बसतात. माळ म्हणजे बिघडलेलं जंगल, कधीतरी इथं घनदाट झाडी होती आणि माणसानं ती खाल्ली, असं आम्हाला शाळेतही शिकवलं. सगळीकडे ते खरं नाही. दख्खनचे कित्येक माळ फार जुने आहेत. अलीकडेच संशोधकांनी आपल्या जुन्या ओव्या, आख्यानं आणि संतचरित्रं चाळून त्यांत कुठल्या झाडांची नावं येतात ते तपासलं, तर शेकडो वर्षांपूर्वीही तिथं बहुतेक माळावरचीच झाडं भेटतात. धनगरांच्या ओव्यांत जो माळ आहे तो उजाड झालेला नाही, तो भरलेला आहे. मेंढरांनी, गवतानं, देवांनी.

खाडीकाठची गोष्ट याहून अवघड आहे, कारण इथं संरक्षण आहे आणि तरी ही पट्टी हातातून निसटते. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये तिवरांची तोड थांबवली, २०१८ मध्ये अंतिम निकाल दिला, आणि तिवरांभोवतीच्या पन्नास मीटरांत बांधकामाला बंदी केली. ठाणे खाडीचा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेला. हे सगळं झालं म्हणून निदान एवढं उरलं, त्याचं मोल मी जाणते. हिवाळ्यात लोक मोठमोठे कॅमेरे घेऊन येतात आणि फ्लेमिंगोंकडं तोंड करून तासन्‌तास उभे राहतात. त्यांच्या पाठीला पिलूची झुडपं घासत असतात. मला त्यांना हाताला धरून मागं वळवावंसं वाटतं. पण नकाशावर तिवरं हिरवी असतात आणि त्यांच्या मागचा पट्टा कोरा. कोऱ्या जागेत रात्री डंपर येऊन राबिट, म्हणजे बांधकामाचा मलबा, टाकून जातात. आणि राबिट टाकलं जाऊ नये म्हणून काही करायचं ठरलं, की तिथं सुशोभीकरण येतं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या पट्ट्यावर ते आलं. एका सोमवारी सकाळी गेले तर जेसीबी उभा होता. सगळी झुडपं मुळापर्यंत खरवडून एका बाजूला ढीग केलेला. ढिगावर पानं अजून ताजी होती. त्या पानांवर अळ्या होत्या, खात होत्या, त्यांना कळलं नव्हतं. आणि ढिगाच्या वर तीस-चाळीस फुलपाखरं, तीच चाल, तेच घिरट्या घालणं. काम करणारा मुलगा विशीतला होता, त्याच्यावर कशाला रागवायचं. तो म्हणाला, "ताई, कचरा काढायला सांगितलंय, इथं लॉन लावणारेत." मी जमतील तेवढ्या डहाळ्या ओढणीत गोळा केल्या आणि लांबच्या एका शिल्लक झुडपात नेऊन अडकवल्या. दोन खेपा झाल्या. मग गाडी चुकली आणि मी तिथंच कठड्यावर बसून रडले.

पुढं अर्ज केले. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवलं. एका साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, आम्ही झाडं लावतोय, तोडत नाही. दोनशे रोपं आहेत." रोपं बाहेरची, शोभेची होती. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना जागा रिकामी दिसत होती आणि ते ती भरत होते. मी त्यांना पिलूचं पान चावायला दिलं. त्यांनी चावलं, डोळ्यांत पाणी आलं, "मोहरीसारखं लागतं हो," म्हणाले. पण आदेश निघून गेला होता.

लॉन पहिल्या उधाणाला पिवळं पडलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर दोनशे रोपांतली बोटांवर मोजण्याइतकी उरली, तीही करपलेली. मीठ कुणाचं ऐकत नाही. ठिबकच्या काळ्या नळ्या अजून तिथं पडल्या आहेत, उन्हानं तडकलेल्या.

पिलूला मुळापासून फुटायची सवय आहे. कच्छ-राजस्थानात त्याला उंटांनी खावं, माणसांनी काडीसाठी तोडावं, आणि त्यानं पुन्हा फुटावं, असं चालत आलंय. इथंही पहिल्या दिवाळीत कठड्याच्या फटीतून एक लालसर कोंब आला. मग दुसरा, विजेच्या डबड्यामागं. आता तिसऱ्या वर्षी माझ्या गुडघ्याएवढी सात झुडपं आहेत. मी ती कुणाला दाखवत नाही. काकूंना तेवढी दाखवली. त्या आता काठी घेऊन येतात. वाकून त्यांनी एका झुडपाची माती बोटांनी मोकळी केली, शेजारी पडलेला प्लॅस्टिकचा कागद उचलून पिशवीत घातला, आणि म्हणाल्या, "रावदे. वारल ती."

मागच्या रविवारी धाकट्याला घेऊन गेले होते. तो आता कॉलेजात आहे, उठवल्याबद्दल कुरकुरत आला. ऊन नुकतंच वर आलं होतं. विजेच्या डबड्यामागच्या झुडपावर एक मादी बसली होती, गुलाबी, एका पंखाची कड फाटलेली. ती टोकाच्या कोवळ्या पानावर गेली आणि पोट वळवलं. धाकटा माझ्याआधी खाली बसला, आबा बसायचे तसा उकिडवा. मी बोलणार तोच त्यानं हात वर करून मला गप्प केलं. तो मोजत होता. सतरावर असताना ढग आला, तिनं पंख मिटले, आणि आम्हाला फक्त पानं दिसायला लागली. आम्ही ऊन पडायची वाट बघत तिथंच बसून राहिलो.